मापात पाप आणि बिअरचा मग

जर्मनीतल्या म्युनिकमध्ये एक नोंदणीकृत संघटना आहे. गिऱ्हाइकाला बिअर पूर्ण मापात मिळते की नाही, एवढंच ती बघते. नावच ‘फसवून ओतण्याविरुद्धची संघटना’ अशा अर्थाचं. याच कामासाठी पहिली संघटना १८९९ मध्ये निघाली होती. आजची १९७० मध्ये उभी राहिली. तिची माणसं ऑक्टोबरफेस्ट या तिथल्या बिअरच्या जत्रेत तंबूत जातात, बिअरचा मग मागवतात, फेस खाली बसेपर्यंत हाताची घडी घालून थांबतात आणि काचेवरच्या रेषेच्या किती खाली बिअर राहिली ते बघतात. कमी असेल तर भरून मागतात. तिथली वर्तमानपत्रं त्यांच्याबद्दल लिहितात ती बहुधा गालातल्या गालात हसत. सणासुदीच्या दिवसांत वाटीत पळीभर आमटी कमी आली म्हणून पंगतीत उठून उभा राहणारा माणूस जसा दिसेल, तशी ही मंडळी लोकांना दिसतात.

मला ती तशी दिसत नाहीत. जर्मन बिअरसंस्कृतीचा वारसा सांगायचा हक्क कोणाला असेल तर तो या किरकिऱ्या लोकांना आहे. झाकणाचे मग विकणाऱ्या दुकानदारांना नाही आणि ‘शुद्धतेच्या कायद्या’चे ढोल वाजवणाऱ्या बिअर कारखान्यांनाही नाही. वारसा म्हणून जे मिरवलं जातं त्यातलं बरंचसं दीडेकशे वर्षांपूर्वीची सजावट आहे. जे खरोखर जुनं आहे, म्हणजे माप आणि भाव यांवर लोकांनी सांगितलेला हक्क, त्याच्याकडे मात्र चेष्टेचा विषय म्हणून बघितलं जातं.

आधी सजावटीचं बघू. जर्मनीला जाऊन आलेल्याच्या घरी, मग ते पुण्यातलं असो की ठाण्यातलं, शोकेसमध्ये एक मग हटकून असतो. त्यावर नॉयश्वानश्टाइनचा किल्ला, हरणं किंवा घागरेवाली पोरगी, वर कथलाचं नक्षीदार झाकण, आत दोन पेनं आणि कुठल्या तरी हरवलेल्या कुलपाची किल्ली. या मगाचं घराणं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. जर्मनी तेव्हा नुकतंच एक राष्ट्र झालं होतं आणि त्याला स्वतःचा भूतकाळ हवा होता. मेटलाखच्या ‘व्हिलरॉय अँड बॉख’सारख्या कारखान्यांनी तो घाऊक प्रमाणात पुरवला: शूर सरदार, मध्ययुगीन मेजवान्या, जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांतली सुभाषितं. सक्तीची लष्करी सेवा संपवून घरी जाणारा शिपाई आपल्या पलटणीचं नाव आणि सोबत्यांची यादी रंगवलेला मग करून घ्यायचा. त्यांतल्या काहींच्या तळाला पातळ पोर्सेलिनमध्ये चित्र कोरलेलं असे. मग रिकामा करून उजेडाकडे धरला की ते उमटायचं. हे सगळं कारागिरी म्हणून सुरेख आहे. पण हाच ‘प्राचीन जर्मन मग’ असं कोणी सांगितलं, तर त्याच्याकडून काही विकत घेण्याआधी जरा विचार करावा.

झाकणाची गोष्टही अशीच. प्लेगच्या काळात माश्या पडू नयेत म्हणून सरकारने झाकण सक्तीचं केलं, असं प्रत्येक विक्रेता सांगतो. कुठल्या सरकारने, हे विचारलं की गाडी अडते. तेव्हा जर्मनी नावाचं एक राज्यच नव्हतं. राजे, बिशप आणि स्वतंत्र शहरं यांची शेकडो संस्थानं होती आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा. झाकण उपयोगाचं होतं, अंगठ्याने सहज उघडायचं आणि श्रीमंतीही दाखवायचं, एवढी कारणं त्याला पुरेशी आहेत.

खरी जुनी भांडी ऱ्हाइनच्या खोऱ्यातली. सीगबुर्ग, कोलोन, फ्रेखेन, आज बेल्जियममध्ये असलेलं राइरेन आणि नंतर वेस्टरवाल्ड. इथल्या मातीचा गुण असा की ती बाराशे अंशांच्या पुढची आच सोसते, वितळून बसत नाही, उलट दगडासारखी घट्ट होते. भट्टी ऐन भरात आली की कुंभार तिच्यात साधं मीठ टाकत. त्या आचेत मिठाची वाफ व्हायची, त्यातलं सोडियम मातीतल्या वाळूशी संयोग पावायचं आणि भांड्याच्या अंगावर काचेचा पातळ थर चढायचा. हात फिरवला तर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे लागतात. पाणी झिरपत नाही, वास धरत नाही, आंबट पेयाने झिलई सुटत नाही, धुतलं की स्वच्छ. लाकडी पेल्याला आणि कच्च्या भाजणीच्या मडक्याला यांपैकी काहीच जमत नव्हतं. वेस्टरवाल्डच्या करड्या भांड्यांवरची निळी वेलबुट्टी कोबाल्टची, कारण त्या आचेत टिकून राहणारे रंग मोजकेच.

सीगबुर्गचे जुने जग, म्हणजे मुठीची उंच भांडी, बघताना पोटावरची नक्षी सोडून बुडाकडे बघावं. फिकट, जवळजवळ पांढरी माती, उंच सडपातळ अंग आणि खाली पाय असा की जणू करंजीची मुरड. चाकावरून भांडं उतरवल्यावर कुंभाराने ओल्या मातीचा काठ बोटाने दाबत दाबत फिरवलेला असतो. प्रत्येक दाब वेगळा. कुठे घाईचा, कुठे जोराचा, आणि एक शेवटचा, जिथे वर्तुळ नीट जुळलं नाही म्हणून दोन चिमटे एकमेकांवर चढलेत. संग्रहालयातल्या सोन्याच्या प्याल्यांपेक्षा मला हा पाय जास्त बोलका वाटतो. त्यातच पुढच्या भांडणाचं मूळही आहे. हाताने घडवलेलं भांडं वाळताना आकसतं, भाजताना आणखी आकसतं. उंची-रुंदी दहाव्या हिश्श्याच्या आसपास सहज कमी होते. मग एकाच घाण्यातल्या दोन जगांत तेवढीच बिअर मावेल याची हमी कोण देणार? आणि अंग अपारदर्शक, त्यामुळे आत किती आहे ते पिणाऱ्याला दिसायची सोय नाही.

याच भट्ट्यांतून दाढीवाल्या चेहऱ्याचे पोटमोठे जग निघाले. कोलोनच्या नगरसभेचं कुंभारांशी बिनसलं, कारण भट्ट्यांना लाकूड फार लागे आणि आगीची भीती कायम. सोळाव्या शतकात ते कुंभार फ्रेखेनकडे सरकले आणि धंदा तिकडे वाढला. १६२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फुटलेल्या ‘बटाव्हिया’ या डच जहाजाच्या अवशेषांत हे जग सापडले. इंग्लंडमध्ये लोकांनी त्यांत मूत्र, टाचण्या आणि खिळे भरून चेटकिणीवर उतारा म्हणून चुलीखाली पुरले. भांडं चांगलं असलं की त्याचा उपयोग कोण कशासाठी करील, सांगता येत नाही.

सोळाव्या-सतराव्या शतकातला आणखी एक प्रकार माझ्या मुद्द्याला फार जवळचा आहे. उंच, सरळ, नळीसारखा काचेचा पेला आणि त्याच्या अंगाभोवती ठराविक अंतराने काचेच्याच कड्या. जर्मनीत त्याला ‘पासग्लास’ म्हणतात. पेला हातोहात फिरायचा आणि प्रत्येकाने एका दमात नेमकं पुढच्या कडीपर्यंत प्यायचं. कमी-जास्त झालं तर त्याच्याही पुढच्या कडीपर्यंत. म्हणजे भांड्यावर रेषा होती, मापही काटेकोर होतं, पण ती रेषा पिणाऱ्याला बांधणारी होती. शेजाऱ्याने तुमच्या नावाने जेवढं रिचवलं तेवढंच तुम्ही रिचवायचं, नाही म्हणणं म्हणजे अपमान, अशी रीतच होती. या रिवाजावर त्या शेकडो संस्थानांच्या वरच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सभांनी पुन्हा पुन्हा बंदी घातली. १५३० आणि १५४८ च्या फर्मानांत ती आहे. पुन्हा पुन्हा घालावी लागली यावरून ती किती पाळली गेली ते कळतं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तर १५३४ मध्ये लिहून ठेवलं की प्रत्येक देशाचा एक सैतान असतो आणि जर्मनांच्या सैतानाचं नाव ढोसणं आहे. १६०० च्या सुमारास हेसेचा संस्थानिक मोरित्स याने मद्यसंयमाचा एक पंथ काढला. त्याचा नियम काय, तर एका बैठकीला सातपेक्षा जास्त प्याले नाहीत आणि अशा बैठका दिवसात दोनच. संयम म्हणून चौदा प्याले! आता यावर मी काय बोलावं.

बिअर म्हणजे निखळ मैत्री आणि बाकांवर शेजारी शेजारी बसलेली समता, असं जे चित्र रंगवलं जातं, त्यात हा जुलूम बसत नाही म्हणून तो गाळला जातो. मला तो गाळायचा नाही. कारण पुढच्या तीनशे वर्षांत झालं ते हे, की भांड्यावरची रेषा पिणाऱ्याची मालकीण होती ती त्याची साक्षीदार झाली.

ते आपोआप झालं नाही. १५१६ मध्ये इंगोलश्टाट इथे बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्यात येतं त्या संस्थानाच्या, ड्यूकने, चौथ्या विल्हेल्मने, भाऊ दहाव्या लुडविगसह जो प्रसिद्ध हुकूम काढला, तो आज ‘शुद्धतेचा कायदा’ म्हणून बाटलीबाटलीवर छापला जातो. मूळ हुकूम काढून वाचा. सुरुवात भावाने होते: सेंट मायकेलच्या सणापासून सेंट जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे हिवाळ्यात, एका मापाला म्युनिकच्या नाण्यात एक फेनिगपेक्षा जास्त घ्यायचं नाही, उन्हाळ्यात दोन फेनिगपेक्षा जास्त नाही. जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी यांखेरीज काही घालू नये, हे वाक्य मागाहून येतं. यीस्टचा उल्लेख नाही. ‘शुद्धतेचा हुकूम’ हे नावसुद्धा १९१८ मध्ये बव्हेरियाच्या विधिमंडळातल्या चर्चेत पुढे आलं. म्हणजे जो कायदा मुख्यतः व्यापाऱ्याने लोकांना लुबाडू नये म्हणून होता, तो व्यापाऱ्याच्याच जाहिरातीचा मजकूर झाला. २०१६ मध्ये त्याची पाचशे वर्षं इंगोलश्टाटला थाटात साजरी झाली, चान्सेलर अँगेला मर्केल आल्या, कारखानदारांनी शुद्धतेवर भाषणं केली. भावाच्या कलमाचीही पाचशे वर्षं त्याच दिवशी भरली होती. ती कोणी साजरी केली नाही.

लोकांना मात्र भावाचं कलम नेहमी आठवत आलेलं आहे. मे १८४४ मध्ये राजा पहिल्या लुडविगच्या काळात बिअर महागली तेव्हा म्युनिकच्या लोकांनी चार-पाच दिवस बिअरचे कारखाने फोडले. सैन्याला बोलावलं तर शिपाई नाखूश, कारण तेही तीच बिअर पीत होते. अखेर राजाने भाव उतरवला. क्रांती बिअरसाठी करावी का, असं नाक मुरडणारे तेव्हाही असतील. पण ज्या काळी बिअर हा कष्टकऱ्याच्या जेवणाचाच भाग होता, तिथे तो भाकरीचा प्रश्न होता.

मापाचं पुढे ठरलं. बव्हेरियाचं जुनं ‘मास’ १.०६९ लिटरचं होतं. १८७२ पासून नव्या जर्मन साम्राज्यात मेट्रिक मापं आली आणि कालांतराने मास बरोबर एक लिटरचं झालं. शब्द तोच राहिला आणि मगामागे ६९ मिलिलिटर नाहीसे झाले. २० जुलै १८८१ रोजी बर्लिनच्या संसदेने कायदा केला की गुत्त्यात पेय ज्या भांड्यातून दिलं जातं त्यावर भरायची रेषा आणि आकारमान नोंदलेलं असलं पाहिजे. माझ्या मते जर्मन बिअरच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दस्तावेज हा आहे, १५१६ चा नव्हे. आज साध्यातला साधा पेला उचला, त्यावर ०.३ किंवा ०.५ लिटरचा आकडा आणि एक छोटी आडवी रेघ कोरलेली दिसते. चित्र नाही, किल्ला नाही, हरीण नाही. कोणी तिचा फोटो काढत नाही.

ऑक्टोबरफेस्टमध्ये काचेचे मग १८९२ पासून दिसू लागले आणि दगडी मातीचा करडा मग हळूहळू मागे पडला. आता त्याबद्दल हळहळणारे बरेच आहेत. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही: जाड मातीत बिअर जास्त वेळ गार राहते, ऊन लागत नाही, हाताला बरं वाटतं. घरी जरूर त्यातच प्यावी. पण जिथे कोणी पैसे घेऊन माप देतो, तिथे आतलं न दिसणारं भांडं हा परंपरेचा प्रश्न राहत नाही. पेट्रोल पंपावर पोरगा ‘साहेब, झिरो बघा’ म्हणतो आणि आपण मान वळवून बघतो. तिथे आकड्यांच्या जागी सुंदर नक्षीकाम केलेलं चालेल का?

दुसरा आक्षेप फेसाचा. फेस हा बिअरचा भाग आहे, तो नसेल तर चव जाते, आणि सात-आठ हजार लोकांच्या तंबूत प्रत्येक मगाला सावकाश ओतायला वेळ कुठून आणायचा? चवीचं खरं आहे. म्हणूनच तर रेषा काठावर नसते. तिच्या वर फेसासाठी जागा मुद्दाम सोडलेली असते. फेस रेषेच्या वर राहावा, खाली बिअर असावी, एवढंच मागणं आहे. वेळेचं म्हणाल तर तो दोष वाढपिणीचा नाही. रिकामा काचेचा मग सव्वा किलोच्या पुढे भरतो, भरलेला सव्वादोन किलोच्या वर, आणि ती बाई असे दहा-दहा मग छातीशी धरून गर्दीतून वाट काढत असते. ओतणाऱ्याला किती सेकंद द्यायचे आणि एका पिपातून किती मग निघाले पाहिजेत, हे ठरवणारा मालक असतो.

आकडे मांडून बघू. २०२५ मध्ये ऑक्टोबरफेस्टमधल्या एक लिटर बिअरचा भाव तंबूनुसार १४.५० ते १५.८० युरो होता. सोळा-अठरा दिवसांत तिथे साधारण ७० लाख लिटर बिअर खपते. समजा प्रत्येक मगात फक्त १०० मिलिलिटर कमी पडली. म्हणजे दोन घोट, जे दुसऱ्या मगानंतर कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. ती होते ७ लाख लिटर, आणि १५ युरोच्या भावाने एक कोटी युरोच्या वर. एका माणसाचं नुकसान इतकं लहान की भांडायची लाज वाटावी, आणि सगळ्यांचं मिळून इतकं मोठं की कोणाला तरी ते हवंसं वाटावं. मापात पाप नेहमी याच फटीत राहतं. म्हणूनच किरकिऱ्या माणसांची संघटना लागते. एकटा माणूस दीड युरोसाठी मैफल मोडत नाही.

‘म्हणजे लोकांनी आणखी प्यावी असं तुमचं म्हणणं?’ असा प्रश्न येईल, विशेषतः आपल्याकडून येईल. उलट आहे. जर्मनीत माणशी बिअरचा खप सत्तरच्या दशकात वर्षाला १५० लिटरच्या आसपास होता, आता तो ९० च्या खाली आलाय, आणि बिनअल्कोहोल बिअर वाढतेय. ही चांगली गोष्ट आहे. आईवडिलांसोबत चौदाव्या वर्षी गुत्त्यात बिअर पिण्याची जी सवलत तिथल्या कायद्यात आहे ती काढून टाका, अशी मागणी २०२५ मध्ये राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी केली. तिला विरोध करताना ‘आमची संस्कृती’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कमी प्यायचं ठरवलेल्या माणसालाच नेमक्या मापाची जास्त गरज असते. आपण किती घेतली हे ज्याला मोजायचंय त्याला प्याल्यात किती होती हे ठाऊक हवं.

कोलोनचं उदाहरण घ्या. तिथली कोल्श बिअर ०.२ लिटरच्या अरुंद, सरळ पेल्यात येते. बव्हेरियाचे लोक तिला चाचणीची नळी म्हणून हिणवतात. निळ्या झग्यातला वाढपी, ज्याला तिथे ‘कोबेस’ म्हणतात, गोल तबकात पेले घेऊन फिरतो आणि रिकामा दिसला की न विचारता नवा ठेवतो. प्रत्येक पेल्यामागे पेल्याखालच्या जाड कागदी चकतीवर पेन्सिलीने एक रेघ. नको असेल तर चकती पेल्यावर झाकायची, संपलं. आग्रह आहे, पण मोडायची खूणही ठरलेली आहे आणि हिशेब गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. पासग्लासच्या जुलमापासून ही रीत किती लांब आलीय! कोलोनच्या बिअर कारखान्यांनी १९८६ मध्ये कोल्श कोणी बनवावी आणि ती कशी असावी यावर करार केला, पण मला त्या करारापेक्षा ही चकती जास्त मोलाची वाटते.

म्युनिकमध्येही असं जपण्यासारखं आहे, फक्त ते विकता येत नाही. हिर्शगार्टन या बिअरबागेत गिऱ्हाईक स्वतः फळीवरून मग उचलतो, पाण्याच्या कुंडात स्वतः विसळतो आणि मग भरून घ्यायला जातो. १८१२ मध्ये राजा मॅक्स योझेफने बिअरवाल्यांना आपल्या तळघरांवर उन्हाळ्यात बिअर विकू दिली, पण ब्रेडखेरीज खाणं विकायला मनाई केली, म्हणून लोक घरून शिदोरी आणू लागले. आजही बव्हेरियाच्या बिअरबागेत तुम्ही डबा उघडून बसलात तर कोणी हटकत नाही. मुंबईतल्या मल्टिप्लेक्समध्ये ज्याची पिशवी तपासून फरसाण काढून घेतलंय, त्याला या हक्काची किंमत कळेल. याउलट होफब्रॉयहाउस या म्युनिकच्या प्रसिद्ध बिअरगृहातलं मगांचं जाळीदार लोखंडी कपाट बघा. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मग कुलपात, पर्यटक बाहेरून फोटो काढतायत. कपाट देखणं आहे, वाईट काही नाही. पण कुंडाची गोष्ट सगळ्यांसाठी आहे आणि कपाटाची काहींसाठी.

म्युनिकची महापालिका ऑक्टोबरफेस्टच्या तंबूंत निरीक्षक पाठवते, ते माप तपासतात, कमी भरणाऱ्यांना समज देतात. हे चालू ठेवावंच. माझी मागणी एवढीच की प्रत्येक तंबूच्या दाराशी, बिअरच्या भावाच्या पाटीशेजारी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, आदल्या दिवशीचा हिशेब लिहावा: किती मग तपासले, किती रेषेखाली निघाले, सरासरी तूट किती. खर्च एक फळा आणि एक खडू. तंबूवाले म्हणतील की याने सणाची शोभा जाते. शोभेसाठी आत बँड आहे, माळा आहेत, आणि दुकानात झाकणाचे मगही आहेत.